सहकारात वाटणीचे माप : पांझरेच्या फडांचा धडा

सहकारी संस्था स्थापन झाली म्हणजे गावातील आर्थिक विषमता आपोआप कमी होते, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. अनुभव निराळा आहे. संस्था पाणी अथवा कर्ज कोणत्या मापाने वाटते, यावर तिचा लाभ लहान शेतकऱ्यापर्यंत पोहोचणार की नाही, हे ठरते. ही गोष्ट समजून घेण्यासाठी खानदेशातील ग्रामसेवकास दूर जावयास नको. धुळे जिल्ह्यातील पांझरा नदीच्या काठी तिचे जुने उदाहरण आहे.

फड पद्धतीची घडण

साक्री व धुळे तालुक्यांत पांझरेवर ठिकठिकाणी बंधारे घातलेले आहेत. बंधाऱ्याने अडविलेले पाणी पाटाने शिवारात येते व चाऱ्यांतून शेतांना मिळते. भिजणाऱ्या क्षेत्राचे बहुधा चार भाग पाडलेले असतात. या प्रत्येक भागास फड म्हणतात. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे व पुढील वर्षी फेरपालट करावयाची, असा नेम असे. निदान तीनशे वर्षे ही पद्धती गावकऱ्यांनी स्वतः चालविली. नदीचे पाणी पाहून कोणते फड भिजवावयाचे, हे पंच हंगामापूर्वी ठरवीत. पाटाची व पाणीवाटपाची देखरेख हवालदार व पाटकरी करीत, आणि त्यांना मोबदला बहुधा धान्याच्या रूपाने मिळे. पाटातील गाळ काढण्याचे काम खातेदार आपल्या जमिनीच्या प्रमाणात करीत.

या व्यवस्थेचे मर्म टंचाईच्या वर्षी दिसून येते. खातेदाराची जमीन सामान्यतः निरनिराळ्या फडांत विखुरलेली असे. समजा, एकाची आठ एकर व दुसऱ्याची दोन एकर जमीन चार फडांत सारखी विभागलेली आहे, आणि पाणी दोनच फडांना पुरणारे आहे. अशा वेळी पहिल्याची चार एकर व दुसऱ्याची एक एकर जमीन भिजते. तूट दोघांनाही सारख्याच प्रमाणात सोसावी लागते. असा नेम नसता, तर ज्याचे शेत पाटाच्या तोंडाशी आहे त्याने आपली सर्व जमीन भिजविली असती आणि शेवटचा कोरडा राहिला असता.

नेम मोडल्यावर काय होते

पुढे वरच्या भागात धरणे झाली, विहिरी व पंप वाढले, आणि ज्याला स्वतःचे पाणी मिळाले त्याला फडाच्या नेमाची गरज वाटेनाशी झाली. ही पद्धती आता मोजक्याच बंधाऱ्यांवर उरली आहे. जळगाव जिल्ह्यात यावल व रावेर तालुक्यांच्या केळीच्या पट्ट्यात सिंचन मुख्यतः विहिरी व कूपनलिकांवर चालते. तेथे भूजलाची पातळी खोल जात राहिली. भूजलास पंच नाहीत आणि फडही नाहीत. ज्याच्यापाशी भांडवल आहे तो अधिक खोल जातो, आणि उथळ विहिरीचा धनी आधी कोरडा पडतो. पाणी सर्वांचे असून वाटणीचे माप मात्र भांडवल हे होऊन बसते.

जमिनीचे माप व माणसाचे माप

फड पद्धतीतही एक उणीव होती. वरील उदाहरणात आठ एकरवाल्यास दोन एकरवाल्याच्या चौपट पाणी मिळाले, आणि भूमिहीन मजुरास काहीच मिळाले नाही. जमिनीतील मूळची विषमता तशीच राहिली. या प्रश्नाचे उत्तर पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात शोधण्यात आले. 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी नायगाव येथे काम आरंभिले. त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तेथे पाण्याचा हक्क माणशी अर्ध्या एकराचा व कुटुंबास जास्तीत जास्त अडीच एकरांचा ठरविण्यात आला. भूमिहीनांचाही हक्क मानण्यात आला. अधिक पाणी पिणारा ऊस वर्ज्य करण्यात आला. या हिशेबाने चार माणसांच्या कुटुंबास, त्याची जमीन आठ एकर असो की दोन एकर, दोन एकरांचेच पाणी मिळते.

कर्जाची वाटणी

कर्जासही हीच कसोटी लागू पडते. सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा 1904 साली झाला. तथापि 1951-52 सालच्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत असे आढळले की, शेतकऱ्यांच्या एकूण कर्जापैकी सहकारी संस्थांकडून आलेला भाग केवळ 3.1 टक्के होता. दोन तृतीयांशांहून अधिक कर्ज सावकारांचे होते. अ. द. गोरवाला यांच्या अध्यक्षतेखालील समितीने, जिचे धनंजयराव गाडगीळ हे एक सदस्य होते, या पाहणीचा अहवाल 1954 साली प्रसिद्ध केला. जमिनीच्या तारणावर दिलेले कर्ज मोठ्या खातेदारासच सुलभ पडते. म्हणून पिकाच्या गरजेप्रमाणे कर्ज द्यावे आणि त्याची वसुली मालाच्या सहकारी विक्रीशी जोडावी, असा विचार त्यातून पुढे आला. सावकाराच्या तगाद्यामुळे काढणीबरोबरच कापूस पडत्या भावाने विकणाऱ्या लहान शेतकऱ्यास अशा जोडणीचा उपयोग अधिक आहे.

ग्रामसेवकांनी व सभासदांनी काय करावे

(1) गावातील कोणती कुटुंबे संस्थेच्या बाहेर आहेत, त्यांची यादी प्रथम करावी. अल्पभूधारक, कूळ, विधवा स्त्रिया व मजूर यांचा त्यात विशेष शोध घ्यावा.

(2) टंचाईच्या वेळी वाटप कसे करावयाचे, हा नेम टंचाई येण्यापूर्वी सभेत ठरवून लिहून ठेवावा. गरज अंगाशी आल्यावर बलवानाचेच म्हणणे चालते.

(3) वाटणीचे माप कोणते, हे उघडपणे सांगावे : जमीन, भागभांडवल की माणूस? त्या मापाने सर्वांत लहान सभासदाच्या वाट्यास काय येते, याचा हिशेब सभेपुढे मांडावा.

(4) वार्षिक सभेत कर्जवाटपाचे आकडे जमीनधारणेच्या गटांप्रमाणे वाचून दाखवावेत, म्हणजे लाभ कोणाकडे जात आहे हे सर्वांस कळेल.

महाराष्ट्राच्या 1960 च्या सहकारी संस्था कायद्याने सभासदास, त्याचे भाग कितीही असोत, एकच मत दिले आहे. सभेस न जाणाऱ्या लहान सभासदाचे मत कागदावरच राहते, आणि वाटणीचे माप इतर लोक ठरवितात. यास्तव पुढील वार्षिक सभेपूर्वी वरील यादी तयार करून त्या प्रत्येक घरी जाणे, हे ग्रामसेवकाचे पहिले काम होय.