बेगलच्या कणकेला मिक्सर कोणता?

प्रश्न : पाव घरीच करते. आता बेगलही करायचे आहेत. मळायला कोणते यंत्र घ्यावे?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : जाहिरातीतले वॅट बाजूला ठेवा. ते यंत्र किती वीज खाते एवढेच सांगतात, हूक किती जोराने फिरेल ते नाही. पावाला किलोभर मैद्यात साधारण ६५० मिली पाणी लागते, बेगलला ५५०च्या आसपास. त्या घट्ट गोळ्यापुढे प्लॅस्टिकच्या गिअरचे दात झडतात. (आपल्या लांब पोळीची सैल, आपटून मळलेली कणीक म्हणजे अगदी दुसरे टोक!) म्हणून धातूचे गिअर, पाच लिटरचे भांडे आणि वजनाने भक्कम असा स्टँड मिक्सर बघा; हलका ओट्यावर सरकत जातो. पुस्तिकेत मैद्याची जी मर्यादा दिली असेल, बेगलसाठी तिच्या निम्मेच पीठ घाला. वेग कमी ठेवा. मोटारीवर हात ठेवून बघा, चटका बसला तर यंत्र थांबवा.

मे महिन्यात आणखी एक गोष्ट. पारा ४५वर असताना मळण्याच्या घर्षणाने कणीक आणखी तापते आणि यीस्ट आवरत नाही. बर्फाचे पाणी वापरा. मळून झाल्यावर कणीक २५-२६ अंशांच्या वर जाऊ नये.

मिक्सर-ग्राइंडरचे कणकेचे भांडे पोळ्यांपुरते ठीक. महिन्यातून एकदाच बेगल करणार असाल, तर खर्चच करू नका. कणीक वीस मिनिटे झाकून ठेवा आणि हातानेच मळा. घेणारच असाल, तर सीताबर्डीत पैसे मोजण्याआधी विचारा : गिअर आणि कार्बन ब्रश नागपुरात मिळतात का?