उतरायला शिकताना

राजगडावरून गुंजवण्याकडे उतरताना माझा पाय मुरगळला, तेव्हा खालचा डांबरी रस्ता दिसू लागला होता. अवघड ते सगळं मागे पडलं होतं. चोरदरवाज्याखालचा रेलिंगचा टप्पा मी नीट उतरून आले होते, आता उरली होती ती वीस-पंचवीस मिनिटांची सोपी पाऊलवाट. ऑक्टोबरचं गवत वाळून वाटेवर आडवं पडलं होतं, त्याखाली मुठीएवढा दगड होता आणि माझं चित्त गावातल्या चहात होतं. उजवं पाऊल आत वळलं, अख्खं वजन घोट्याच्या बाहेरच्या अंगावर आलं, ‘कट्’ असा आवाज झाला आणि मी करवंदीच्या जाळीशेजारी बसकण मारली.

“चालता येतंय का गं?” मैत्रिणीनं विचारलं.

“येतंय की,” मी म्हणाले. येत नव्हतं. पण पाच आठवड्यांनी माझी पहिली 50 किलोमीटरची ट्रेल रन होती. पैसे भरून झाले होते, ऑफिसात सांगून झालं होतं. चाळिशीनंतर बूट चढवलेली बाई डोंगरात धावू शकते, हे सासरी-माहेरी दाखवून द्यायचं होतं. एवढं सगळं ठरल्यावर पायाला काही होणं मला परवडणारं नव्हतं.

घरी सासूबाईंनी आंबेहळदीचा लेप लावला, त्यानं निदान बरं वाटलं. पण कुणीतरी सांगितलं म्हणून मी पहिल्या दिवसापासून गरम तेलानं घोटा चोळून घेत होते, तो शुद्ध वेडेपणा होता. आत फाटलेल्या जागी ताजी सूज असताना चोळलं की ती वाढते. दहाव्या दिवशी वेदनाशामक गोळी घेतली, क्रेप बँडेज आवळलं आणि पर्वतीच्या पायऱ्या चढले. चढताना फारसं दुखलं नाही. झालं, पाय बरा झाल्याचं मी जाहीर करून टाकलं. उतरताना कठड्याला धरून एकेक पायरी आडवी उतरले, ते मात्र कुणालाच सांगितलं नाही.

स्पर्धेत 17व्या किलोमीटरला तोच घोटा पुन्हा मुरगळला, तसाच, उतारावर. या वेळी मोजा काढला तर पाऊल वांग्यासारखं जांभळं. बाहेरच्या घोट्याच्या हाडाच्या टोकाचा लहानसा कपचा निघाल्याचं एक्स-रेत दिसलं. ताणल्या गेलेल्या अस्थिबंधानं तो ओढून काढला होता. “पहिल्यांदा मुरगळला तेव्हा फोटो काढला होतात का?” डॉक्टरांनी विचारलं. मी भिंतीवरचं कॅलेंडर बघत राहिले. सहा आठवडे पायात गुडघ्यापर्यंतचा जाड बूट, आणि पुन्हा डोंगरात धावायला त्यानंतरचे चार महिने. पहिल्याच वेळी तीन आठवडे मुकाट घरी बसले असते, तर बाकीचं बरंचसं टळलं असतं.

चार पावलांची परीक्षा

पाय मुरगळला की प्रत्येक वेळी फोटो काढायची गरज नसते. तो कधी काढावा, याचे सोपे नियम कॅनडातल्या ओटावा शहरातल्या डॉक्टरांनी 1992 साली मांडले आणि ते आज जगभर वापरले जातात. मुरगळल्यावर लगेच आणि नंतर दवाखान्यात चार पावलं टाकता येत नसतील, लंगडत का होईना पण वजन देऊन, तर एक्स-रे हवा. घोट्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या हाडाची मागची कड वा टोक दाबल्यावर कळ येत असेल, तरी हवा. पावलाच्या बाहेरच्या कडेला मधोमध एक उंचवटा लागतो, आतल्या बाजूला कमानीच्या वर एक हाड लागतं. तिथे दाबून दुखलं तरी तेच. गुंजवण्याच्या वाटेवर मी ही परीक्षा प्रामाणिकपणे दिली असती तर नापास झाले असते.

रानात असाल आणि चालतच खाली यावं लागणार असेल तर बूट काढू नका. काढला तर सूज आल्यावर तो परत चढत नाही. लेस थोडी सैल करा, काठी घ्या, पाठीवरची पिशवी दुसऱ्याकडे द्या. या वेळी ती द्यायला लाज वाटते, मला वाटली होती. एकटीनं जायचं असेल तर कुठून चढणार, कुठून उतरणार आणि किती वाजेपर्यंत फोन येईल, हे घरी सांगून निघा. खोऱ्यांत मोबाइलची रेंज असेलच असं नाही.

गोळीबद्दल एक सांगते, कारण ट्रेलवर ती शेंगदाण्यासारखी वाटली जाते. आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी घेऊन तासन्‌तास उन्हात धावलं की मूत्रपिंडांवर ताण येतो, अंगातलं पाणी कमी झालेलं असेल तर जास्तच. आणि दुखणं हाच पायाचा निरोप असतो. मी गोळी घेऊन तो निरोप परत पाठवत होते.

परत धावायला कधी लागायचं, हे तारखेवरून ठरवू नका. माझ्या फिजिओथेरपिस्टनं मला तारीख दिलीच नाही, कामं दिली. दुखऱ्या पायावर उभं राहून दात घासायचे. ते जमलं की डोळे मिटून. तेही जमलं की घडी घातलेल्या गादीवर. मुरगळल्यावर पाय कुठे आणि कसा पडतोय हे मेंदूला कळवणारी यंत्रणा मंदावते, म्हणून एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा पुन्हा मुरगळतो. तोल सांभाळायच्या या व्यायामानं ती हळूहळू जागी होते. मग पायरीच्या कडेवर एका पायाच्या चवड्यावर उंच व्हायचं, दोन्ही पायांना सारख्याच वेळा जमेपर्यंत. माझा डावा पाय 25 वेळा करायचा, उजवा नवव्याला थरथरायचा. त्यानंतर एका पायावर दहा उड्या, न दुखता. मग सपाट रस्ता, मग चढ, आणि उतार सगळ्यात शेवटी.

मोळीवाल्या मावशी

उतार शेवटी का, हे मला आतकरवाडीच्या वाटेवर कळलं. पुण्याच्या ट्रेल धावणाऱ्यांचं हे अंगण. सुमारे अडीच किलोमीटरांत जवळजवळ 600 मीटरची चढण, वर सिंहगडावर मडक्यातलं दही. आम्ही सगळे या वाटेनं घड्याळ लावून चढतो. कोण किती मिनिटांत वर गेलं याच्या गप्पा दही संपेपर्यंत चालतात. कोण कसं उतरलं, हे मी कधी कुणाला विचारलेलं आठवत नाही.

दुखण्यानंतर पहिल्यांदा उतरत होते. वाटेवर नुसता घसारा, बुटाखाली मुरूम ज्वारीच्या दाण्यांसारखा गडगडत होता. मी अंग मागे टाकून, टाचा रोवून, जीव मुठीत धरून उतरत होते. मागून डोक्यावर सरपणाची मोळी घेतलेल्या एक मावशी आल्या. पायात रबरी चपला. “वाट द्या बाई,” म्हणाल्या आणि पुढे गेल्या. मी थांबून त्यांची पावलं बघत राहिले. पावलं छोटी, भरभर, अख्खा तळवा टेकवणारी. गुडघे कायम थोडे वाकलेले. एका दगडावर अर्धा क्षणसुद्धा मुक्काम नाही, दगड हलायच्या आत पाय पुढच्यावर. आणि मोळी मात्र तळ्यातल्या होडीसारखी स्थिर.

उतारावर मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचं वजन थोपवून धरतात. त्यात स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते. म्हणून चढानं दम लागतो तो वर पोचल्यावर जातो, पण उताराचं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी संडासात बसताना कळतं. आणि थकलेली मांडी वजन पेलेनाशी झाली की सगळा भार घोट्यावर येतो. माझे दोन्ही अपघात दमल्यावर, उतरतानाच झाले, यात नशिबाचा भाग थोडाच.

यातली चांगली गोष्ट अशी की, शरीर हे झपाट्यानं शिकतं. एकदा सोसलेल्या उताराचं दुखणं पुढच्या खेपेला बरंच कमी होतं, आणि तो फायदा काही आठवडे टिकतो. तेव्हा आठवड्यातून एकदा उतरण्यासाठी म्हणून डोंगरावर जा. सुरुवात छोट्या टेकडीपासून करा. पावलं छोटी, अंग किंचित पुढे, हात पसरलेले, नजर पायाशी नाही तर तीन-चार मीटर पुढे. ऑक्टोबरात गवताखालचे दगड आणि पावसाळ्यात कातळावरचं शेवाळ दिसत नाही, तिथे सरळ चालायचं. चाललं म्हणून पदक कुणी काढून घेत नाही.

पाणी, चाक आणि बाभळीचा काटा

धावणं बंद होतं त्या काळात डॉक्टरांनी आधी पोहायची आणि मग सायकलची परवानगी दिली. त्यातूनच ऑफ-रोड ट्रायथलॉनचं खूळ डोक्यात शिरलं. उघड्या पाण्यात पोहायचं, मग कच्च्या वाटांवर माउंटन बाइक, मग डोंगरात धावायचं. हवाईतल्या माउई बेटावर 1996 साली सुरू झालेल्या एक्सटेरा स्पर्धेनं हा प्रकार जगभर नेला. मी भाग घेतला तो बेताचा होता: 750 मीटर, 20 किलोमीटर, 5 किलोमीटर. पूर्ण करू शकले नाही. आयोजनात काहीही उणं नव्हतं. उणं होतं ते माझ्या तयारीत.

तलावात पहिल्या शंभर मीटरांतच छाती धडधडू लागली. तरणतलावात खाली निळी रेघ असते, इथे हिरवट अंधार आणि शेजारच्याची लाथ. असं झालं तर झुंजू नका. पाठीवर उताणं व्हा, दहा वेळा सावकाश श्वास सोडा, मग पुढे निघा. आणि याचा सराव आधी करा, तोही जिथे पोहायला परवानगी आहे तिथे, सोबतीनं, कमरेला रंगीत फ्लोट बांधून. एकटीनं धरणात उतरण्यात शौर्य नाही.

सायकलवर माझी खरी फजिती झाली. रस्त्यावरच्या सवयीनं टायरमध्ये दगडासारखी हवा भरली होती, 50 पीएसआय. मुरमाच्या वळणावर पुढचं चाक सटकलं आणि कोपर सोलपटलं. कच्च्या वाटेवर याच्या निम्म्याच्या आसपास हवा असली की टायर जमीन धरतो. पुढे बाभळीचा काटा घुसला. ट्यूब बदलायला येते असं मला वाटत होतं, कारण तसा व्हिडिओ मी बघितला होता. थरथरत्या हातांनी 25 मिनिटं लागली आणि कटऑफ हुकला. घरच्या ओसरीवर निदान दहा वेळा ट्यूब बदला, मग नाव नोंदवा.

पाण्याचं तर्कट मी त्याआधीच एका सरावात करून बसले होते. ऊन आहे म्हणून तहान नसतानाही लिटरच्या लिटर साधं पाणी ढोसलं. बोटातली अंगठी घट्ट झाली, डोकं ठणकू लागलं, मळमळलं, आणि मी आणखी पाणी प्यायले. अति पाण्यानं रक्तातलं मीठ पातळ होतं, ते जिवावरही बेतू शकतं. तहान लागेल तसं प्या, लांबच्या पल्ल्यात खारट काहीतरी खात राहा. अशी लक्षणं दिसली, विशेषतः बोलण्या-वागण्यात गोंधळ दिसला, तर पाणी थांबवून थेट वैद्यकीय मदत गाठा.

पुढच्या वर्षी तीच ट्रायथलॉन मी पूर्ण केली, शेवटून तिसरी. उतारावर मात्र माझ्याहून तरुण दोघांना मागे टाकलं. ते सांगताना मला अजून गुदगुल्या होतात.

गेल्या महिन्यात आतकरवाडीच्या वाटेवर एक मुलगा घोटा धरून बसला होता. “काकू, चालेल ना? रविवारी रेस आहे.” मी त्याला हात देऊन उभं केलं आणि चार पावलं टाकायला सांगितली. तिसऱ्या पावलाला त्याचा चेहरा आवळला. “येतंय की,” तो म्हणाला.

मी त्याची पिशवी घेतली. माझ्या खांद्यावर हात टाकून तो एकेक पाऊल उतरू लागला. एरवी वीस मिनिटांच्या त्या वाटेला आम्हाला दीड तास लागला. अर्ध्या वाटेत मागून चपलांचा आवाज आला. “वाट द्या बाई,” मोळीखालून कुणी म्हणालं. आम्ही दोघं कडेला झालो.