वस्तींतील पुढाऱ्यांचें शास्त्राध्ययन

पाठ : प्रेषितांचीं कृत्यें, अध्याय 18 ते 20

तंबू करण्याचा धंदा करणारीं अक्विला व प्रिस्किल्ला हीं पतिपत्नी वक्तृत्वसंपन्न अपुल्लोसाला आपल्या घरीं नेतात व देवाचा मार्ग त्यास अधिक नीट समजावून देतात. पुढें इफिसांत पौल तुरन्नाच्या पाठशाळेंत दोन वर्षें दररोज शिकवितो. आणि त्याच नगरांत त्यानें आपल्या हातांनीं श्रम करून स्वतःच्या व सोबत्यांच्या गरजा भागविल्या, हें 20:34 वरून कळतें. यावरून आपण एवढें शिकावें कीं, पहिल्या मंडळींत वचनाचें अध्ययन व पोटाचा उद्योग हीं एकमेकांपासून तोडलेलीं नव्हतीं.

आतां पुण्याकडे पाहूं. नारायण पेठ ही विद्येची व छापखान्यांची जुनी पेठ. केसरीवाडा येथेंच आहे. येथून थोड्याच मैलांवर, बिबवेवाडीस, युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे. ती 1983 सालीं यवतमाळाहून पुण्यास आली. परंतु पर्वतीच्या उतारावरील जनता वसाहतींत किंवा भवानी पेठेच्या कासेवाडींत राहून, दिवसा मजुरी व रात्रीं प्रार्थनासभा चालविणाऱ्या माणसाला अशी पाठशाळा जवळ आहे काय? हें अंतर मैलांनीं मोजावयाचें नाहीं. पूर्ण वेळ शिकावयाचें तर रोजगार बुडतो. प्रवेशास परीक्षेचा दाखला लागतो. आणि वरच्या वर्गांचीं पुस्तकें बहुतेक इंग्रजींत. धुणींभांडीं करून स्त्रियांची सभा चालविणाऱ्या भगिनीस तर हें दार त्याहूनही अरुंद आहे.

खेड्यांतील वाचक म्हणतील, हें शहराचें दुखणें, आम्हांस त्याचें काय? पण आपलेच तरुण कामधंद्यासाठीं त्या वस्त्यांत जातात. तेथें आजार, कर्ज, दारू व मरण या प्रसंगीं त्यांच्या दाराशीं प्रथम येतो तो हाच पुढारी. त्यास वचन नीट उमगलें नसेल, तर तो रोग्यास सांगेल कीं, तुझा विश्वास उणा म्हणून तूं बरा होत नाहींस. औषधही टाकावयास लावील. मग देहाबरोबर आत्माही खचतो. यांत दोष त्याच्या आवेशाचा नव्हे. त्यास शिकविणारा कोणी भेटला नाहीं, हा आहे.

उपाय सांपडलेला आहे. 1963 सालीं ग्वाटेमाला देशांतील प्रेस्बिटेरियन पाठशाळेनें शिष्यांस घरदार सोडावयास न लावतां शिक्षकांस त्यांच्याकडे पाठविण्यास आरंभ केला. तोच मार्ग धरून 1971 सालीं बंगळूर येथें टॅफ्टी ही संस्था निघाली. या पद्धतीचीं अंगें तीन : घरीं पुस्तकाचा अभ्यास, मंडळींत प्रत्यक्ष सेवा, आणि ठरलेल्या दिवशीं शिक्षकासह एकत्र बसून चर्चा. तिसरें अंग गळालें तर वाचलेलें पारखलें जात नाहीं. दुसरें गळालें तर शिकलेलें कामास येत नाहीं.

कोणी म्हणतात, अशानें विद्येची पायरी उतरेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. परीक्षा सोपी करावी असें आमचें मागणें नाहीं. दार शिकणाऱ्याच्या भाषेंत व त्याच्या मोकळ्या वेळीं उघडावें, एवढेंच आहे. मराठींत खोल अध्ययन होत नाहीं, असें कोणीं म्हणूं नये; रे. ना. वा. टिळक अहमदनगरच्या पाठशाळेंत शिकवीत असत. मात्र मूळ भाषांचें सखोल ज्ञान असणारे पंडितही मंडळीला हवेत, आणि त्यांसाठीं पूर्ण वेळेच्या पाठशाळा राहिल्याच पाहिजेत. वस्तींत शिकविणारा शिक्षक शेवटीं तेथूनच यावयाचा.

तर आपण काय करावें? उपदेशकांनीं शहरांत गेलेल्या आपल्या माणसांचीं नांवें तेथील पाळकांस कळवावीं. शहरांतील पाळकांनीं आठवड्यांतून एक संध्याकाळ वस्तींत द्यावी. मंडळ्यांनीं पुस्तकांचा खर्च वांटून घ्यावा. थोडा भार शिकणाऱ्यानेंही उचलावा, म्हणजे तें शिक्षण त्याचें स्वतःचें होईल.

विचारासाठीं प्रश्न :
1. अपुल्लोसास शिकविणारीं दोघें कोणता धंदा करीत होतीं?
2. आपल्या मंडळींतून कोण कोण शहरांत गेले, आणि तेथें त्यांस वचन कोण शिकवितो?