अभियंत्याची भाषा : मुडबीच्या मुलांसाठी एक पाठ

मुडबी हे बिदर जिल्ह्यातलं, कलबुर्गीच्या सीमेकडचं गाव. या पट्ट्यातली अनेक मुलं घरी मराठी, शाळेत कन्नड आणि बाजारात दखनी बोलतात. बारावीनंतर काहीजण भालकी, बिदर किंवा कलबुर्गीला इंजिनिअरिंगला जातात. कलम ३७१ (जे) मुळे कल्याण कर्नाटकातल्या संस्थांमध्ये ७० टक्के जागा स्थानिकांना आहेत, त्यामुळे प्रवेश थोडा सोपा झालाय. पण मुलाखतीत ‘तुझा प्रोजेक्ट सांग’ म्हटलं की हुशार मुलगाही गप्प होतो. सगळे म्हणतात, इंग्रजी कच्चं. मला वाटतं, सांगायची सवयच नसते.

सर विश्वेश्वरय्यांचं उदाहरण घ्या. ते मुद्देनहळ्ळीचे, इंजिनिअरिंग शिकले पुण्यात. १९०८ साली मुसी नदीच्या पुरात हैदराबादेत हजारो माणसं दगावली. तेव्हा आपला बिदर भागही निजामाच्याच राज्यात होता. निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना बोलावलं. शहराच्या वरच्या अंगाला पाणी अडवा, असं त्यांनी सुचवलं. पुढे उस्मानसागर आणि हिमायतसागर झाले. म्हणजे भिंतीआधी कारण आणि उपाय कागदावर आले, आणि इंजिनिअर नसलेल्या राज्यकर्त्यांना ते पटले.

आता आपला सराव. सुट्टीत गावातली एखादी मोरी बघा आणि चार गोष्टी लिहा : काय दिसलं, काय मोजलं, कारण काय, उपाय कोणता. ‘मोरी लहान आहे’ एवढ्याने भागत नाही. ‘पाइपचा व्यास ६० सेंटिमीटर, निम्मा गाळाने भरलेला, म्हणून पाणी रस्त्यावरून वाहतं’ हे इंजिनिअरचं वाक्य.

हेच आधी आईला मराठीत सांगा, मग मेस्त्रीला कन्नडमध्ये, शेवटी दहा सोप्या वाक्यांत इंग्रजीत. विचार एकदा नीट बसला की इंग्रजी शब्द शोधणं फार अवघड जात नाही.

आणखी एक. आपल्याकडे ‘आम्ही केलं’ म्हणायची रीत आहे. मुलाखतीत मात्र चौघांच्या प्रोजेक्टमधलं तुमचं काम विचारतात. तिथे ‘मी मोजमाप घेतलं’ असं स्पष्ट म्हणा, त्यात बढाई नाही.

नोकरी लागल्यावरही हीच सवय कामाला येते. साइटवर मजूर, कंत्राटदार आणि वरिष्ठ यांच्या भाषा वेगळ्या असतात. अडचण तिघांनाही वेळेत समजावून सांगणाऱ्यावर पुढची मोठी जबाबदारी सोपवली जाते. सीमेवरच्या पोरांकडे त्यासाठी तीन भाषा आधीच आहेत.