गर्भविकृतीचे निदान झालेल्या गर्भिणीची परिचर्या

१) विषयप्रवेश

आयुर्वेदशास्त्राने चिकित्सेचे चार पाद मानले आहेत : भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात उपस्थात्याचे, म्हणजेच परिचारकाचे, चार गुण वर्णिले आहेत. उपचारांचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग आणि शुचिता हे ते गुण होत. भिषक् व द्रव्य या दोन पादांविषयी आपण नेहमीच लिहितो व वाचतो. तिसऱ्या पादाचा विचार त्या मानाने कमी होतो. प्रस्तुत लेखात या तिसऱ्या पादाचा एका नाजूक प्रसंगी विनियोग कसा करावा, याचा विचार करावयाचा आहे.

गर्भाची सविस्तर सोनोग्राफी साधारणतः १८ ते २० आठवड्यांच्या दरम्यान केली जाते. तीत गर्भाच्या मस्तिष्कात, हृदयात, पृष्ठवंशात किंवा उदरभित्तीत विकृती आढळली, तर त्या कुटुंबाचे जीवन एका दिवसात बदलते. नागपुरात मेडिकल, मेयो किंवा डागा स्मृती रुग्णालयात अथवा खासगी केंद्रात हे निदान होते. परंतु तो अहवाल घेऊन कुटुंब पुष्कळदा आपल्या नेहमीच्या वैद्याकडे येते. त्यांचे प्रश्न बहुधा तीनच असतात : हे औषधाने बरे होईल का? माझे काय चुकले? आता पुढे काय करावे? या तीन प्रश्नांना आपण काय उत्तर देतो, यावर त्या स्त्रीचे आरोग्य आणि क्वचित तिचे प्राणही अवलंबून असतात.

२) पहिला प्रश्न : औषधाने बरे होईल का?

येथे वैद्याने सत्य सांगावे. गर्भाचे अवयव एकदा सदोष घडले, की मातेला दिलेल्या कोणत्याही काढ्याने, घृताने वा भस्माने ते पुन्हा घडत नाहीत. ‘सोनोग्राफी चुकते, तीन महिने औषध घ्या’ असे आश्वासन देणे म्हणजे त्या कुटुंबाचा निर्णयाचा काळ हिरावून घेणे होय. अहवालाविषयी शंका असेल, तर दुसऱ्या तज्ज्ञाकडून पुन्हा तपासणी करून घेण्यास सांगावे. मात्र ती काही दिवसांतच व्हावी.

त्याच वेळी सर्व विकृती सारख्या नसतात, हेही समजावून सांगावे. दुभंगलेला ओठ शस्त्रकर्माने उत्तम प्रकारे सांधता येतो. वाकडे पाऊल जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांतच प्लास्टर सुरू केल्यास सहसा सरळ होते. हृदयातील अनेक छिद्रे कालांतराने स्वतः बुजतात किंवा शस्त्रकर्माने बंद करता येतात. याउलट मस्तिष्क व कवटीचा वरचा भागच तयार न झालेला गर्भ जगू शकत नाही. ‘व्यंग’ या एकाच शब्दाखाली हे सर्व गोळा केल्याने घबराट तरी होते, नाही तर खोटी आशा निर्माण होते. कोणती विकृती, किती गंभीर, जन्मानंतर उपाय आहे की नाही, हे प्रसूतितज्ज्ञ व बालरोगतज्ज्ञ यांच्याकडून स्पष्ट लिहून घेण्यास कुटुंबाला साहाय्य करावे.

३) दुसरा प्रश्न : माझे काय चुकले?

हा प्रश्न स्त्री क्वचितच मोठ्याने विचारते. पण सासरची मंडळी तो तिच्या देखत विचारतात. ग्रहणात भाजी चिरली, डोहाळे पुरवले गेले नाहीत, पपई खाल्ली, अशी कारणे घरात फिरू लागतात. या बाबतीत शास्त्राचा आधार देऊन बोलण्याचा अधिकार आपल्याकडे आहे आणि त्याचा उपयोग आपण केला पाहिजे.

चरकाचार्यांनी शारीरस्थानात गर्भविकृतीची कारणे सांगताना बीज, आत्मकर्म, आशय, काळ आणि मातेचा आहार-विहार अशी अनेक कारणे एकत्र मांडली आहेत. बीज, बीजभाग व बीजभागावयव यांच्या दुष्टीचा विचारही तेथे आहे, आणि बीज हे माता व पिता या दोघांचेही असते. सुश्रुताचार्यांनी आदिबलप्रवृत्त व्याधींमध्ये मातृज व पितृज असे दोन्ही प्रकार मानले आहेत. एकट्या स्त्रीला दोषी ठरविण्यास ग्रंथाचा आधार नाही.

सुश्रुतसंहितेत दौहृद न पुरविल्यास अपत्य सव्यंग होते असे वर्णन आहे, हे खरे. परंतु तेथे दौहृदाचा काळ चौथा महिना सांगितला आहे. आधुनिक गर्भविज्ञानानुसार मज्जानलिका गर्भधारणेपासून सुमारे २८ दिवसांत बंद होते, हृदयाची मूळ रचना सुमारे आठ आठवड्यांत पूर्ण होते, आणि ओठ सहाव्या-सातव्या आठवड्यापर्यंत सांधला जातो. म्हणजे डोहाळे लागण्यापूर्वीच या अवयवांची घडण झालेली असते. सातव्या महिन्यातील ग्रहणाने ओठ दुभंगणे शक्य नाही. दौहृदाचे वचन आमच्या मते कुटुंबासाठी आहे : गर्भिणीची इच्छा जपा, तिला प्रसन्न ठेवा. त्याचा उपयोग तिलाच आरोपी करण्यासाठी होऊ नये. हे शब्द पती व सासू यांच्या समक्ष, वैद्याच्या तोंडून उच्चारले गेले, तर त्यांचे मोल एखाद्या कल्पाहून कमी नाही.

कारणांचा शोध मात्र पुढील गर्भासाठी अवश्य घ्यावा. गर्भधारणेपूर्वी अनियंत्रित मधुमेह, अपस्मारावरील काही औषधे, फॉलिक अॅसिडची न्यूनता, जवळच्या नात्यातील विवाह ही ज्ञात कारणे होत. आते-मामे भावंडांच्या विवाहाची चाल आपल्याकडे अद्याप आहे. चरकाचार्यांनी शारीरस्थानातील एका अध्यायाला ‘अतुल्यगोत्रीय’ असे नाव दिले, हे येथे स्मरावे. अनेकदा कोणतेही कारण सापडत नाही. तेही स्पष्ट सांगावे.

विदर्भात सिकलसेलचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. ही रचनात्मक विकृती नव्हे, बीजदोषाने येणारा रक्ताचा व्याधी आहे. माता-पिता दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भात व्याधी उतरण्याची शक्यता चारात एक असते, आणि त्याचे गर्भावस्थेतील निदान तिसऱ्या महिन्याच्या सुमारास करता येते. म्हणून गर्भिणीची रक्ततपासणी पहिल्याच भेटीत व्हावी आणि ती वाहक आढळल्यास पतीचीही त्वरित व्हावी.

४) तिसरा प्रश्न : पुढे काय करावे?

येथे कायद्याची माहिती वैद्याला असणे अनिवार्य आहे. १९७१ च्या गर्भपातविषयक कायद्यानुसार पूर्वी २० आठवड्यांची मर्यादा होती. २००८ मध्ये मुंबईच्या निकेता मेहता यांच्या गर्भास २४ आठवड्यांच्या सुमारास हृदयाचा गंभीर दोष आढळला. त्यांनी, त्यांच्या पतीने व डॉ. निखिल दातार यांनी मुंबई उच्च न्यायालयात अर्ज केला; न्यायालयाने ४ ऑगस्ट २००८ रोजी तो नाकारला. त्यानंतर काही दिवसांतच त्यांचा गर्भपात आपोआप झाला. या प्रकरणाने हा प्रश्न सर्व देशापुढे आणला.

२०२१ च्या दुरुस्तीनंतर स्थिती बदलली. २० आठवड्यांपर्यंत एका व ठरावीक गटांतील स्त्रियांसाठी २० ते २४ आठवड्यांपर्यंत दोन नोंदणीकृत डॉक्टरांचे मत लागते. वैद्यकीय मंडळाने गर्भात गंभीर विकृती असल्याचे निदान केल्यास आठवड्यांची मर्यादा लागू होत नाही. मंडळाने अर्ज मिळाल्यापासून तीन दिवसांत मत द्यावे, असा नियम आहे. जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, गर्भ ३२ आठवड्यांच्या पुढे गेलेला असताना व मंडळाचे मत प्रतिकूल असतानाही, निर्णयाचा अधिकार त्या स्त्रीचा आहे असे मानून अनुमती दिली. विदर्भातील अकरा जिल्ह्यांसाठी उच्च न्यायालयाचे खंडपीठ नागपुरातच आहे.

यातून वैद्यासाठी तीन नियम निघतात. पहिला, गर्भपात घडविण्याचे कोणतेही औषध आपण देऊ नये. तो अधिकार कायद्याने ठरविलेल्या डॉक्टरांचा आहे. दुसरा, गर्भ ठेवावा की नाही याविषयी आपले मत लादू नये. निर्णय त्या स्त्रीचा असून दोन्ही निर्णयांत तिची परिचर्या सारख्याच आस्थेने करावी. तिसरा, तिचे नाव व निदान गुप्त ठेवावे.

५) गर्भ ठेवण्याचा निर्णय झाल्यास परिचर्या

गर्भिणीस तेलाने काठोकाठ भरलेल्या पात्राप्रमाणे जपावे, ही चरकाचार्यांची उपमा सर्वांना परिचित आहे. अशा गर्भिणीच्या बाबतीत ती अक्षरशः लागू पडते.

अ) आहार : मासानुमासिक परिचर्येतील क्षीर, नवनीत व घृत यांचा उपयोग अग्निबल पाहून करावा. मधुमेह असल्यास मधुर द्रव्यांचे प्रमाण प्रसूतितज्ज्ञांच्या सल्ल्याने ठरवावे. शासकीय कार्यक्रमातील लोह व फॉलिक अॅसिडच्या गोळ्या बंद करू नयेत. आपली औषधे त्यांच्या जोडीला असावीत, जागी नसावीत.

आ) नवव्या महिन्यातील अनुवासन बस्ती व योनिपिचू : रक्तस्राव, वार खाली असणे, पाणी जाणे किंवा गर्भोदकाची अतिवृद्धी असल्यास हे उपक्रम वर्ज्य समजावेत. इतर वेळीही प्रसूतितज्ज्ञांना विचारूनच करावेत.

इ) निरीक्षण : प्रत्येक भेटीत रक्तदाब, वजन, पायांवरील शोथ आणि गर्भाच्या हालचाली यांची नोंद ठेवावी. अन्ननलिका बंद असलेल्या किंवा मस्तिष्क न घडलेल्या गर्भात गर्भोदक फार वाढते; पोट झपाट्याने मोठे होणे, श्वास लागणे, वेळेआधी कळा येणे ही त्याची लक्षणे होत. रक्तस्राव, पाणी जाणे, तीव्र शिरःशूल, दृष्टी अंधुक होणे, ज्वर किंवा हालचाल मंदावणे यांपैकी काहीही घडल्यास त्याच क्षणी रुग्णालयात पाठवावे. १०८ क्रमांक घरातील प्रत्येकाला पाठ असावा.

ई) अंतर्मृत गर्भ : उदर थंड व दगडासारखे स्तब्ध होणे, स्पंदन थांबणे ही लक्षणे चरकसंहितेत दिलीच आहेत. असा गर्भ दीर्घकाळ आत राहिल्यास मातेच्या रक्ताची गोठण्याची शक्ती बिघडू शकते. घरी वाट पाहू नये.

उ) प्रसूतीचे स्थान : नवजात अतिदक्षता विभाग असलेले रुग्णालय सातव्या महिन्यातच निश्चित करावे. जन्मानंतर लगेच शस्त्रकर्म लागणारे बालक आईच्या पोटात असतानाच योग्य जागी पोहोचणे, हाच सर्वांत सुरक्षित प्रवास होय. २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात विकृती असलेल्या बालकांच्या उपचारांची सोय आहे. तिची माहिती कुटुंबास आधीच द्यावी.

६) औषधालयांसाठी

गर्भिणीसाठी औषध मागितले जात असल्यास विक्रेत्याने किती महिने झाले, वैद्याची चिठ्ठी आहे का, हे दोन प्रश्न विचारलेच पाहिजेत. कुमारी, जयपाल, एरंडतेल, रजःप्रवर्तिनी वटी, तसेच पारद, नाग व सोमल असलेले रसकल्प चिठ्ठीवाचून देऊ नयेत. ‘मुलगा होण्याचे औषध’ या नावाने खपणाऱ्या पुड्या व बिया पूर्णपणे बंद कराव्यात. हरियाणातील एका अभ्यासात, जो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, अशा औषधांच्या सेवनाचा जन्मजात विकृतींशी संबंध आढळला. लिंगनिवडीची जाहिरात करणे हा १९९४ च्या कायद्यानुसार गुन्हाही आहे. पुंसवनाच्या नावाखाली हा व्यापार करणाऱ्यांमुळे संपूर्ण शास्त्राला दोष लागतो.

७) बाळ नसलेले बाळंतपण

गर्भपात झाला किंवा बालक दगावले, की घरातील लगबग एकाएकी थांबते. बाळ नाही, म्हणून शेक नाही, अभ्यंग नाही, डिंकाचे लाडू नाहीत. आठवड्याभरात ती स्त्री पाण्याच्या घागरी उचलू लागते. शास्त्रदृष्ट्या हे सर्वथा चुकीचे आहे. तिचे गर्भाशय, तिचा अपत्यमार्ग, तिचे धातू यांना सूतिकेइतकीच झीज झालेली असते. आमगर्भ पडल्यानंतरही चरकाचार्यांनी क्रमाने आहारयोजना सांगितली आहे. म्हणून अशा स्त्रीलाही सव्वा महिन्याची विश्रांती, लघु व स्निग्ध आहार आणि रक्तस्राव थांबल्यावर अभ्यंग मिळालाच पाहिजे, असे वैद्याने निक्षून सांगावे.

दूध येणे हा या काळातील सर्वांत दुःखद अनुभव असतो. स्तन पिळून काढू नयेत, घट्ट पण न काचणारे वस्त्र व थंड घड्या वापराव्यात. ज्वर, लाली वा गाठ असल्यास डॉक्टरांकडे पाठवावे. बालकाला पाहण्याची, हाती घेण्याची इच्छा मातेने व्यक्त केल्यास ‘नको, सहन होणार नाही’ म्हणून ती नाकारू नये. निद्रानाश, अन्नद्वेष, बोलणे बंद होणे, जगण्याची इच्छा नसल्याचे उद्गार ही लक्षणे दिसल्यास मानसोपचारतज्ज्ञांची मदत तत्काळ घ्यावी.

पुढील गर्भधारणेपूर्वी अनुवंशतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. त्यासाठी मृत गर्भाची तपासणी उपयोगी पडते. कुटुंब सहसा नकार देते, तेव्हा तिचे कारण समजावून सांगावे. मज्जानलिकेचा दोष एकदा घडल्यास पुन्हा घडण्याची शक्यता शंभरात दोन ते पाच असते. अशा स्त्रीने डॉक्टरांच्या सल्ल्याने अधिक मात्रेतील फॉलिक अॅसिड गर्भधारणेच्या किमान एक महिना आधीपासून घेतल्यास ही शक्यता पुष्कळ घटते. १९९१ च्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत ती सुमारे ७२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. बीजशुद्धी व ऋतुशुद्धीसाठी आपण जे तीन महिने सांगतो, त्याच काळात हे सुरू करावे.

८) उपसंहार

गर्भविकृतीवर आपल्याकडे औषध नाही, म्हणून आपले काम संपले असे मानणे योग्य नव्हे. खरे निदान समजावणे, निराधार दोषारोप थांबविणे, वेळेत योग्य ठिकाणी पाठविणे, अपायकारक द्रव्ये रोखणे आणि रिकाम्या कुशीने परतलेल्या मातेला सूतिकेचा मान मिळवून देणे, ही पाच कर्तव्ये प्रत्येक वैद्याच्या व औषधविक्रेत्याच्या आवाक्यात आहेत. उपस्थात्याचे चार गुण आपल्या चिकित्सालयात व औषधालयात दिसावेत, एवढीच सर्व वैद्यबंधू-भगिनींना विनंती.