साडीची पिन

चि. मुक्तास,


परवा फोनवर तुझा आवाज दाटून आला, म्हणून सावकाश लिहिते. मैत्रिणीने बावीस वर्षांनी तोंड उघडलं आणि तिला काय बोलावं ते तुला सुचेना. पण ‘इतकी वर्षं का नाही सांगितलंस?’ असं तू विचारलं नाहीस, हे फार बरं केलंस. मी विचारलं होतं. चाळीत शेजारच्या वहिनी गवार मोडता मोडता एकदा लहानपणीचं, त्यांच्या मामाचं बोलल्या, आणि माझ्या तोंडून नेमकं तेच गेलं. हातातली शेंग पातेल्यात टाकून ‘जाऊ दे हो, जुनं आहे’ म्हणाल्या. पुढे सोळा वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलो. विषय पुन्हा निघाला नाही.

नऊ वर्षांच्या पोरीकडे त्याला शब्दच नसतात गं. आणि करणाराच घरात मानाच्या पाटावर बसत असेल, तर सांगायचं कोणाला? २००७ साली केंद्र सरकारच्या पाहणीत १३ राज्यांतल्या १२ हजारांवर मुलांना विचारलं. निम्म्याहून अधिक जणांनी कुठला ना कुठला लैंगिक त्रास झाल्याचं सांगितलं. बहुतेकांनी तोवर कोणाकडेही चकार शब्द काढला नव्हता. ती मुलं आज तुमच्याच वयाची आहेत.

तक्रारीची घाई तू करू नकोस. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्याखाली मोठेपणीही तक्रार करता येते, मुदत आड येत नाही, असं २०१८ मध्ये सरकारने स्पष्ट केलंय. पण तो कायदा लागू झाला १४ नोव्हेंबर २०१२ला. हिचं त्याआधीचं, म्हणजे जुन्या दंडविधानातली कलमं. वकिलाला विचारावं लागेल, तेही तिला हवं असेल तर. मन मोकळं करायला टेलि-मानस या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं. नंबर दे, लावून देऊ नकोस. आणि जावईबापूंनासुद्धा तिला विचारल्याशिवाय काही सांगायचं नाही.

आता पुढच्या महिन्यातलं तिच्या भावाचं लग्न. ज्याने हे केलं तो काका येणारच, आणि कोणीतरी म्हणणारच, ‘काकांच्या पाया पड.’ काय करायचंय, ते तिला आधीच विचारून ठेव. जायचं नसेल, तर तिला ताप आलाय असं घरी सांगायला तू आहेस. जायचं असेल, तर पंगतीत तिच्या शेजारचं पान धर. हाक आली की ‘अगं, मला जरा साडीला पिन लावून दे’ म्हणून तिला उठव. पिन मात्र आठवणीने ने, तुझ्या पर्समध्ये कधी सापडत नाही.

तुझी,
मावशी