निकालाआधीचा मलिदा

ठाणे

लाडके,

पेपर संपले, निकालाला अवकाश आहे आणि निवासपरवान्याची मुदतवाढही अजून हाती आलेली नाही, हे तुझ्या आईकडून कळलं. तिने एलियाहू हनाबीला, म्हणजे एलिया नबीला, मलिद्याचा नवस बोलल्याचंही कळलं. तू मात्र मला फोनवर वेगळंच विचारलंस. देवावर भरवसा ठेव असं सगळे सांगतात, तर सकाळी उठून मी नेमकं करायचं काय? बरं केलंस विचारलंस. माझ्या परीने सविस्तर लिहिते.

आधी काय करू नये ते सांगते, कारण आपल्या ग्रंथांनी ते फार स्पष्ट सांगितलं आहे. मिश्नाच्या बेराखोथ भागात एक प्रसंग येतो. माणूस गावाकडे परततो आहे, वेशीपाशी येतो तोच आतून आक्रोश ऐकू येतो. अशा वेळी तो आक्रोश आपल्या घरातला नसावा म्हणून त्याने केलेली प्रार्थना ही व्यर्थ प्रार्थना होय, असं मिश्ना म्हणते. झालेलं होऊन गेलेलं असतं. तुझे पेपर लिहून झालेत. आता त्यांतली उत्तरं बरोबर निघावीत म्हणून रात्र रात्र प्रार्थनेचं सिद्दूर धरून बसू नकोस. मागायचं तर पुढचं माग. निकाल कसाही लागो, दुसऱ्या दिवशी टेबलाशी बसायचं बळ माग.

आणि परवान्याचं म्हणशील तर, जिथे आपले हातपाय चालतात तिथे ते चालवायचेच. चमत्कारावर विसंबू नये, असं तल्मूद बजावतो. एखादा कागद राहिला असेल तर आज पाठव, उत्तर आलं नसेल तर पुन्हा विचार, विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांना सल्ला देणारी माणसं असतात त्यांना जाऊन भेट. हे सगळं करणं म्हणजे देवावर अविश्वास दाखवणं नव्हे.

सगळं आपल्या मनासारखं होईल अशी खात्री बाळगणं म्हणजे भरवसा, असं पुष्कळ भाविक माणसं धरून चालतात. मला ते पटत नाही. विसाव्या शतकातले मोठे रब्बी हाझोन ईश यांनाही ते पटत नव्हतं. ते गेल्यावर 1954 मध्ये श्रद्धा आणि भरवसा याच विषयावरचं त्यांचं छोटं पुस्तक निघालं, त्यात त्यांनी या समजुतीला सरळ चूक म्हटलं आहे. उद्या काय होणार हे आपल्याला कुणा नबीने येऊन सांगितलेलं नाही, मग चांगलंच होणार असं कशाच्या जोरावर म्हणायचं? जगात जे घडतं ते आंधळ्या योगायोगाने घडत नाही, देवाच्या हाताबाहेर काही नाही, एवढं मात्र घट्ट धरून राहायचं.

तू राहतेस त्या शहरात तर हे ध्यानात ठेवूनच बोलावं लागतं. जर्मनीतलं कार्ल्सरूहे 1715 मध्ये वसलं आणि पहिल्या काही वर्षांतच तिथे आपली यहुदी माणसं राहायला आली. अठराव्या शतकात तिथे रब्बी असलेल्या नथानिएल वाइल यांची टीका आजही तल्मूदच्या छापील प्रतींत असते. एवढा जुना समाज 22 ऑक्टोबर 1940 रोजी घराबाहेर काढला गेला. बाडेन आणि शेजारच्या प्रदेशातून मिळून साडेसहा हजारांवर माणसं, त्यांत कार्ल्सरूहेची सुमारे नऊशे. सामान बांधायला जेमतेम वेळ दिला आणि आगगाडीत घालून फ्रान्समध्ये पिरेनीजच्या पायथ्याशी गुर्सच्या छावणीत नेलं. पुढे 1942 मध्ये त्यांतल्या पुष्कळांना आउश्वित्झला पाठवलं. त्यांना घराबाहेर काढलं तो सुक्कोथचा आठवडा होता. पक्कं छप्पर सोडून आपण पाल्याच्या मांडवात बसतो आणि आपला आसरा कोण आहे ते आठवतो, तेच दिवस.

त्या माणसांचा भरवसा कमी पडला म्हणून त्यांच्यावर ती वेळ आली, असं कुणी तुला सांगू लागलं तर ऐकून घेऊ नकोस. तिथून उठून जा. त्यांचं असं का झालं, याची जी उत्तरं लोक देतात ती मला सहन होत नाहीत. पण 1971 मध्ये क्नीलिंगर आलेवर दावीदच्या ताऱ्याच्या आकाराचं सिनेगॉग उभं राहिलं आणि तू गेल्या सणाला तिथे जाऊन बसलीस, हेही खरंच आहे ना? तुझ्या शेजारी रशियन बोलणाऱ्या आजीबाई होत्या, म्हणालीस. त्याही कुठून कुठून येऊन तिथे पोचल्या असतील.

आता करायचं काय, ते. रानात इस्राएल लोकांच्या पोटासाठी मन्ना पडायचा तो एका दिवसापुरता. उद्यासाठी राखून ठेवला की किडे पडायचे. फक्त शुक्रवारी दुप्पट मिळायचा आणि शब्बाथला काहीच नाही. तुझा आजचा वाटा म्हणजे आजची प्रयोगशाळा, आजचा स्वयंपाक, आजचा एक फोन. तेवढा उचल. निकाल हा उद्याचा वाटा आहे, तो आज रांधायला घेऊ नकोस.

आणि शब्बाथ पाळ. आपल्या बेने इस्राएलांना कोकणात शनिवार तेली म्हणत ते का, हे तू लहानपणापासून ऐकलं आहेस. नवगावच्या किनाऱ्याला लागलेल्या आपल्या पूर्वजांच्या वंशजांकडे तोरा नव्हती, हिब्रू विसरली होती, शमाची प्रार्थना तेवढी ओठांवर राहिली होती. तरी शनिवारी तेलाचा घाणा बंद. पोट हातावर असलेल्या माणसाने आठवड्यातल्या एका दिवसाची कमाई सोडायची, पिढ्यान्‌पिढ्या, ज्याचं कारण शेजारपाजारी कुणालाच ठाऊक नाही. त्यांना भरवशावर प्रवचन देता आलं नसतं. मला विचारशील तर भरवसा म्हणजे तो बंद ठेवलेला घाणा. तुझ्याकडे डिसेंबरात शुक्रवारी साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे मेणबत्त्या चार-सव्वाचारच्या सुमारास. त्याच्या आत लॅपटॉप मिटायचा आणि निकालाचं पान शनिवारी रात्रीपर्यंत उघडायचं नाही. जूनमध्ये दिवस साडेनऊपर्यंत लांबतो, तेव्हा सवलत मिळते असं समजू नकोस. शब्बाथ लागल्यापासून दुसऱ्या रात्रीपर्यंत तितकाच.

राहिला आईचा नवस. तिला काही बोलू नकोस, ती तिच्या पद्धतीने हनाबीला हाक मारते आहे आणि आपल्या घरात ती हाक जुनी आहे. पण काम झालं तर मलिदा, नाही तर नाही, हा हिशेब मला आवडत नाही. मलिदा हा शुक्राना आहे. तो तू निकालाआधीच कर. परक्या मुलखात डोक्यावर छप्पर आहे, अंगात ताकद आहे, पेपर लिहायला बसता आलं, एवढं कारण पुरे. पोहे तिकडे आशियाई दुकानात मिळतील. धुऊन निथळू दे, त्यात साखर, खोवलेला नारळ, वेलची, बदाम-पिस्ते घाल. नारळ गोठवलेला आणलास तर पूर्ण सुटा झाल्यावरच मिसळ. ताटात भोवतीने फळं मांड आणि प्रत्येकाची बेराखा, म्हणजे आशीर्वचन, म्हण. फळांच्या बेराखा लिहिलेला कागद सोबत घालते आहे. त्या आजीबाईंना बोलाव, आणि त्या आल्या की त्यांच्या घरी सणाला काय रांधत ते विचार.

तुझी,
आत्या